एकादशी, जत्रा, रविवारची प्रार्थना आणि मतदान : श्रद्धाळू मतदाराला कायदा काय देतो, काय देत नाही?

निवडणूक आयोगाने ९ ऑक्टोबर २०२३ रोजी राजस्थान विधानसभेच्या मतदानाची तारीख जाहीर केली : २३ नोव्हेंबर. पंचांग उघडणाऱ्यांच्या लगेच लक्षात आले, की त्या दिवशी कार्तिक शुद्ध एकादशी आहे. पंढरपुरात तो कार्तिकी वारीचा दिवस. राजस्थानात ती देवउठनी एकादशी. या दिवशी चातुर्मास संपतो, थांबलेली लग्ने सुरू होतात आणि एकाच दिवशी गावोगावी मांडव पडतात. नवरा-नवरी, वऱ्हाडी, बँडवाले, आचारी, मांडववाले, वाहनचालक अशा अनेकांना त्या दिवशी आपल्या मतदान केंद्रावर पोहोचणे अवघड होते.

पक्ष आणि सामाजिक संघटनांनी ही अडचण मांडली. दोनच दिवसांत, ११ ऑक्टोबरला, आयोगाने मतदान २५ नोव्हेंबरवर नेले.

अशा बदलावर दोन प्रकारच्या प्रतिक्रिया येतात. धर्मनिरपेक्ष देशात पंचांग पाहून निवडणूक कशाला, असे काहीजण विचारतात. दुसरीकडे श्रद्धाळू मतदाराचा प्रश्न असतो, की देवाचे करायचे आणि देशाचेही करायचे, तर दोन्हींतले एक सोडायची वेळ का यावी? कायद्यात या दोन्ही प्रश्नांना उत्तरे आहेत.

तारखेने इतका फरक का पडतो?

याचे मुख्य कारण म्हणजे सामान्य मतदाराला फक्त आपल्या नेमून दिलेल्या केंद्रावरच मत देता येते. टपाली मतपत्रिकेची सोय सैन्यदलातील मतदार, निवडणूक कामावरचे कर्मचारी, ८५ वर्षांवरील ज्येष्ठ, ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त अपंगत्व असलेल्या व्यक्ती अशा मोजक्या गटांना मिळते. त्या यादीत यात्रेकरू नाहीत.

वारीला, यात्रेला किंवा हजला गेल्याने मतदारयादीतले नाव जात नाही. तात्पुरते घराबाहेर राहिल्याने रहिवास संपत नाही, असे लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० सांगतो. पण नाव शाबूत राहिले तरी मतदानाच्या दिवशी माणूस गावात नसेल, तर त्या निवडणुकीपुरते मत गेलेच.

आळंदी किंवा देहूहून पालखीबरोबर निघालेला वारकरी जवळपास तीन आठवडे घराबाहेर असतो. महाराष्ट्रात अलीकडे लोकसभेचे मतदान एप्रिल-मे महिन्यांत आणि विधानसभेचे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होत आले आहे. त्यामुळे आषाढी वारीशी थेट गाठ पडलेली नाही. कार्तिकी मात्र जवळून जाते. २०२४ मध्ये कार्तिकी एकादशी १२ नोव्हेंबरला होती आणि राज्यातले मतदान २० नोव्हेंबरला झाले. मधल्या आठ दिवसांत वारकरी घरी परतू शकले.

आयोगाने तारखा कधी बदलल्या?

अलीकडच्या काही वर्षांतली ही ठळक उदाहरणे :

• पंजाब, २०२२ : ११७ जागांसाठी १४ फेब्रुवारीला मतदान ठरले होते. १६ फेब्रुवारीला गुरू रविदास जयंती होती. या दिवसासाठी पंजाबातून मोठ्या संख्येने भाविक वाराणसीला जातात आणि त्यासाठी काही दिवस आधीच निघतात. २०११ च्या जनगणनेनुसार पंजाबात अनुसूचित जातींचे प्रमाण जवळपास ३२ टक्के आहे. मुख्यमंत्र्यांसह जवळपास सर्वच पक्षांनी मागणी केल्यावर मतदान २० फेब्रुवारीला घेण्यात आले.

• मिझोराम, २०२३ : येथे प्रश्न मतमोजणीचा होता. ती ३ डिसेंबरला, रविवारी ठरली होती. राज्यात ८७ टक्के लोक ख्रिस्ती आहेत आणि रविवार प्रार्थनेचा दिवस. मतमोजणी एक दिवस पुढे, सोमवारी ४ डिसेंबरला नेली. त्याच वेळी निवडणूक झालेल्या इतर चार राज्यांची मोजणी मात्र रविवारीच झाली.

• हरियाणा, २०२४ : मतदान १ ऑक्टोबरवरून ५ ऑक्टोबरवर गेले. आश्विनातल्या अमावास्येला बिश्नोई समाज राजस्थानातील बिकानेर जिल्ह्यात मुकाम येथे गुरू जंभेश्वरांच्या स्मरणार्थ जमतो. सिरसा, फतेहाबाद, हिसार या भागांतली हजारो कुटुंबे त्यासाठी प्रवास करतात. २०२४ मध्ये ही अमावास्या २ ऑक्टोबरला होती. आयोगाने मतमोजणीही ४ वरून ८ ऑक्टोबरला नेली.

• पोटनिवडणुका, नोव्हेंबर २०२४ : उत्तर प्रदेशातील ९, पंजाबातील ४ आणि केरळातील १ अशा १४ जागांचे मतदान १३ वरून २० नोव्हेंबरला नेले. उत्तर प्रदेशात कार्तिक पौर्णिमेचे स्नान, पंजाबात गुरू नानक यांचे प्रकाशपर्व आणि केरळात पालक्काडजवळच्या कल्पाथीचा रथोत्सव, अशी तीन कारणे होती. त्याच दिवशी महाराष्ट्रानेही मतदान केले.

या यादीत हिंदू, शीख, ख्रिस्ती, रविदासिया, बिश्नोई असे वेगवेगळे श्रद्धाळू आहेत. आयोगाने दिलेले कारण मात्र दर वेळी साधारण सारखेच होते. अमुक दिवस पवित्र आहे म्हणून नव्हे, तर त्या दिवशी मोठ्या संख्येने मतदारांची गैरसोय होईल आणि मतदान घटेल म्हणून तारीख बदलली गेली. विचार होतो तो मतदाराच्या सोयीचा. मिझोरामची मतमोजणी हा तेवढा वेगळा मामला. तिथे मतदान आधीच झाले होते. आयोगाने रविवारचे महत्त्वच लक्षात घेतले.

मागणी केली की तारीख बदलते का?

नाही. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीचे शेवटचे टप्पे रमजानमध्ये आले. त्यावर टीका झाली तेव्हा आयोगाने सांगितले, की पूर्ण महिना वगळता येत नाही. पण सणाचा मुख्य दिवस आणि शुक्रवार टाळले आहेत. उन्हाळा आणि उपवास लक्षात घेऊन सकाळी लवकर मतदान सुरू करावे, ही मागणी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. ती मान्य झाली नाही.

त्याच वर्षी १८ एप्रिलला तमिळनाडूत मतदान होते. मदुराईत त्या दिवशी चित्तिरै उत्सवाचा रथ निघणार होता. तारीख बदलली नाही, पण मदुराईत मतदानाची वेळ दोन तासांनी वाढवून रात्री आठपर्यंत केली. तोच दिवस ख्रिस्ती समाजासाठी गुड फ्रायडेच्या आदल्या दिवसाचा, पवित्र गुरुवार होता. त्यासाठी तारीख बदलण्याची विनंतीही मान्य झाली नाही.

२०२४ मध्ये केरळात लोकसभेचे मतदान शुक्रवारी, २६ एप्रिलला ठरले. जुम्म्याच्या नमाजाचा दिवस म्हणून मुस्लिम लीगसह काही संघटनांनी बदल मागितला. मतदान ठरल्या दिवशीच झाले.

म्हणजे बदल हा कोणाचा हक्क नाही. तो आयोगाचा निर्णय असतो. किती मतदार बाहेर जाणार, प्रवास किती लांबचा, दिवस बदलल्याने पुढचे वेळापत्रक कोलमडते का, पर्यायी सोय करता येते का, असे प्रश्न त्यात येतात. सणाच्या दिवशी मतदार गावातच असेल, तर तो प्रार्थना आणि मतदान दोन्ही करू शकतो, हा विचारही त्यामागे दिसतो. तरीही एका समाजाला सवलत मिळाली आणि आपल्याला नाही, अशी भावना मागे राहते. हा निर्णय कोणत्या निकषांवर झाला, हे दर वेळी सविस्तर सांगितले गेले तर ही भावना कमी होऊ शकते.

वैयक्तिक यात्रेसाठी तर तारीख बदलण्याचा प्रश्नच येत नाही. २०२४ मध्ये केदारनाथचे दरवाजे १० मे रोजी, अक्षय तृतीयेला उघडले आणि हजची विमानेही मे महिन्यातच सुटू लागली. महाराष्ट्रात त्यानंतर १३ आणि २० मे रोजी मतदानाचे दोन टप्पे बाकी होते. त्या काळात प्रवासात असलेल्यांना मत देता आले नाही.

एका महंतासाठी एक केंद्र

श्रद्धेच्या मार्गावर मतदार दूर जातो, तेव्हा काही वेळा निवडणूक यंत्रणा त्याच्यापर्यंत जाते. गुजरातमध्ये सिंहांसाठी प्रसिद्ध असलेल्या गीरच्या जंगलात बाणेज येथे शंकराचे देऊळ आहे. तिथे राहणारे महंत भरतदास दर्शनदास हे त्या केंद्राचे एकमेव मतदार होते. अनेक निवडणुकांत त्यांच्या एकट्यासाठी कर्मचारी, यंत्र आणि पोलीस जंगलात जात. २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर महंत हरिदास तिथले एकमेव मतदार झाले आणि २०२२ व २०२४ मध्ये त्यांच्यासाठीही केंद्र लागले.

मतदाराला केंद्र गाठण्यासाठी साधारण दोन किलोमीटरपेक्षा जास्त जावे लागू नये, असा आयोगाचा निकष आहे. संसार सोडलेल्या एका माणसाचे मतही इतर कोणाच्याही मताएवढेच मोजले जाते, हे बाणेजच्या केंद्रातून स्पष्ट होते.

संन्यासी, भिक्खू, नन यांना मत देता येते का?

भारतात देता येते. १८ वर्षे पूर्ण झालेला, यादीत नाव असलेला आणि कायद्याने अपात्र न ठरलेला कोणताही नागरिक मत देऊ शकतो. संन्यास, दीक्षा किंवा व्रत घेतल्याने हा हक्क जात नाही.

सगळीकडे असे नाही. थायलंडमध्ये बौद्ध भिक्खूंना मताधिकार नाही. म्यानमारच्या २००८ च्या राज्यघटनेने धार्मिक संघातील व्यक्तींना मतदानापासून दूर ठेवले. भूतानची राज्यघटना धर्मसंस्था आणि धर्मगुरूंना राजकारणाच्या वर मानते आणि तिथे भिक्खू मतदान करत नाहीत. धर्मपुरुषाने सत्तेच्या स्पर्धेत बाजू घेऊ नये, ही त्यामागची भूमिका. तिचा आदर करणारे श्रद्धाळूही आहेत. पण त्याची किंमत म्हणजे समाजात राहणाऱ्या, त्याच समाजाच्या निर्णयांचे परिणाम भोगणाऱ्या हजारो माणसांचा आवाज यादीतूनच वगळला जातो.

भारतात याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण सिक्कीममध्ये आहे. तिथल्या ३२ सदस्यांच्या विधानसभेत ‘संघ’ नावाचा एक मतदारसंघ आहे. त्याला भौगोलिक सीमा नाही. मान्यताप्राप्त बौद्ध मठांतील भिक्खू आणि भिक्खुणीच तिथे मतदान करतात आणि उमेदवारही त्यांच्यातलाच असतो. सिक्कीमच्या राजेशाहीच्या काळापासून चालत आलेली ही व्यवस्था १९७५ मधील विलीनीकरणानंतरही टिकली. तिला आव्हान मिळाले तेव्हा १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बहुमताने ती वैध ठरवली. पीठातील वेगळ्या मताचे म्हणणे होते, की धर्मावर आधारित स्वतंत्र यादी राज्यघटनेत बसत नाही. देशात असा दुसरा मतदारसंघ नाही.

बुरखा, घुंगट आणि ओळख पटवणे

मतदारयादीत छायाचित्र आले तेव्हा पडदा पाळणाऱ्या काही स्त्रियांच्या बाजूने आक्षेप घेतला गेला. मद्रास उच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो मान्य केला नाही. मत देणारी व्यक्ती तीच आहे याची खात्री झाल्याशिवाय मतदान होऊ शकत नाही. मात्र ती खात्री करण्याची पद्धत मानाची असावी, यासाठी पडदा पाळणाऱ्या स्त्रिया जास्त असलेल्या केंद्रांवर महिला कर्मचारी नेमण्याच्या आयोगाच्या सूचना आहेत. चेहरा दाखवावा लागतो, पण तो चारचौघांत दाखवावा लागू नये, अशी ही सोय आहे.

धर्मगुरूंनी ‘यांनाच मत द्या’ सांगितले तर?

श्रद्धाळू मतदारासाठी हा सर्वांत अवघड प्रश्न. गुरूचा शब्द प्रमाण मानणाऱ्या माणसाला तोच शब्द मतदानाच्या दिवशी आला तर?

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधील कलम १२३ मध्ये याचे उत्तर आहे. अमुक मत दिले नाही तर देवाचा कोप होईल किंवा धर्माच्या दृष्टीने दोषी ठराल, असे मतदाराच्या मनावर बिंबवण्याचा प्रयत्न म्हणजे ‘अनुचित प्रभाव’. उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा त्यांच्या संमतीने दुसऱ्या कोणी तसे केले, तर तो भ्रष्ट आचार ठरतो आणि निवडणूक रद्द होऊ शकते.

हे कलम फक्त कागदावर राहिलेले नाही. १९५७ च्या निवडणुकीत, तेव्हा पंजाबात असलेल्या सिरसा मतदारसंघात, नामधारी शिखांच्या सद्गुरूंचा हुकूम म्हणून एका उमेदवाराला मत देण्याचे आवाहन पत्रकांतून पसरवले गेले. रामदयाल विरुद्ध संतलाल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये त्याला अनुचित प्रभाव मानले. न्यायालयाने फरकही स्पष्ट केला. धर्मगुरूही नागरिक आहेत, कोणता उमेदवार चांगला यावर ते मत व्यक्त करू शकतात. पण अनुयायाला दुसरा पर्यायच उरू नये अशा शब्दांत आज्ञा दिली, तर त्याचे मत मोकळे राहत नाही.

धर्माच्या नावाने मत मागण्यावरही याच कलमात बंदी आहे. तिची व्याप्ती ठरवणारा निकाल मुंबईतल्या प्रकरणातून आला. १९९० च्या विधानसभा निवडणुकीतील सांताक्रूझ मतदारसंघाचा वाद अभिराम सिंह खटला म्हणून सात न्यायाधीशांच्या पीठापुढे गेला. २ जानेवारी २०१७ रोजी पीठाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने सांगितले, की बंदी केवळ उमेदवाराच्या धर्मापुरती नाही. मतदाराच्या धर्माच्या नावानेही मत मागता येणार नाही. अल्पमतातील न्यायाधीशांना मात्र काळजी होती, की धर्म किंवा जातीमुळे लोकांना सोसाव्या लागणाऱ्या अन्यायाची चर्चाच यामुळे निवडणुकीतून बाद होऊ नये.

धर्मसंस्था या मर्यादेत राहून काय करू शकते, याचे उदाहरणही मिझोराममध्ये आहे. तिथे चर्चच्या पुढाकाराने २००६ मध्ये मिझो पीपल्स फोरम उभा राहिला. तो पक्षांबरोबर करार करतो, पैसा आणि मेजवान्यांच्या प्रचाराला आवर घालतो, उमेदवारांना एकाच व्यासपीठावर आणतो. कोणाला मत द्या, हे न सांगता मत विकू नका, हे सांगण्यावर त्याचा भर असतो. त्याच्या नियमांचा दबाव जास्त होतो, अशी टीकाही होते. तरी गुप्त मतदानाच्या कक्षात मतदार एकटाच जातो.

श्रद्धेमुळे मत द्यायचेच नसेल तर?

यहोवाचे साक्षीदार यांच्यासारखे काही पंथ राजकारणापासून अलिप्त राहतात आणि मतदान करत नाहीत. भारतात लोकसभा-विधानसभेला मतदान सक्तीचे नसल्याने त्यांच्यावर कारवाईचा प्रश्न येत नाही. ऑस्ट्रेलियात मतदान सक्तीचे आहे आणि न केल्यास दंड होतो. पण मत न देणे हे आपले धार्मिक कर्तव्य आहे, असे मतदार मानत असेल तर ते पुरेसे कारण आहे, असे तिथला कायदाच सांगतो. कोणताही उमेदवार मनाला पटत नसेल, तर भारतात २०१३ पासून ‘नोटा’ हा पर्याय यंत्रावर आहे.

मग मतदान ही सवलत की हक्क?

ब्रिटिश काळात ती खरोखर सवलत होती. मालमत्ता, कर आणि शिक्षण यांवर मताधिकार ठरत असे. १९०९ च्या कायद्याने मुस्लिमांसाठी स्वतंत्र मतदारसंघ आणले आणि पुढे इतर गटांनाही ते मिळाले. माणूस कोणत्या धर्माचा, यावर त्याचे मत कोणत्या यादीत, हे ठरू लागले.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने ही पद्धत मोडली. कलम ३२५ नुसार प्रत्येक मतदारसंघाला एकच सर्वसाधारण यादी असते आणि धर्म, वंश, जात किंवा लिंग यांवरून कोणाला त्यातून वगळता येत नाही. कलम ३२६ ने प्रौढ मताधिकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मधील कुलदीप नय्यर खटल्यात मतदान हा कायद्याने मिळालेला हक्क मानला. तो मूलभूत आहे का, यावर वाद चालू आहे. पण तो कोणी मेहेरबानीने दिलेला नाही, यावर वाद नाही. मतदार नोंदणीच्या अर्जात धर्माचा रकानाच नाही.

म्हणून श्रद्धाळू माणूस मतदान केंद्रावर श्रद्धा घराबाहेर ठेवून येत नाही. त्याने तसे करावे अशी कायद्याची अपेक्षाही नाही. प्रामाणिकपणा, दया, न्याय याविषयी त्याचा धर्म जे शिकवतो, त्या कसोटीवर तो उमेदवार पारखू शकतो. कायदा फक्त एवढे पाहतो, की ती कसोटी त्याने स्वतः लावावी, कोणी भीती घालून किंवा हुकूम देऊन ती त्याच्यासाठी लावू नये.

यात्रेला निघण्यापूर्वी लक्षात ठेवण्यासारखे

• निवडणुकीच्या हंगामात प्रवासाचे आरक्षण करण्यापूर्वी मतदानाची तारीख पाहावी. वेळापत्रक साधारण महिनाभर किंवा त्याहून थोडे आधी जाहीर होते.

• यादीत नाव आहे का, हे आयोगाच्या ॲपवर किंवा १९५० या क्रमांकावर तपासता येते. पत्ता बदलला असेल तर अर्ज क्रमांक ८ भरावा.

• गावाची मोठी जत्रा मतदानाच्या दिवशी येत असेल, तर तारीख जाहीर होताच जिल्हाधिकारी कार्यालयाकडे किंवा आयोगाकडे लेखी निवेदन द्यावे. राजस्थान, पंजाब आणि हरियाणात बदल झाले, ते लोकांनी वेळेत मागणी केल्यामुळे.

• देवाचा कोप किंवा बहिष्कार यांची भीती घालून मत मागितले जात असेल, तर तक्रार आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर करता येते. तक्रारदाराला आपले नाव गुप्त ठेवता येते.